नवख्रिस्ती आणि सामाजिक बहिष्कार (महाराष्ट्र)

ख्रिस्ती धर्माचा स्वेच्छेने स्वीकार केल्यामुळे आप्त, जात, उपजीविका व समाजातील स्थान यांना मुकावे लागलेल्या व्यक्तींचा वृत्तांत हा एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आहे. या व्यक्तींची संख्या अल्प होती. तथापि त्यांच्या धर्मांतरामुळे वैयक्तिक श्रद्धा, कुटुंबाचा अधिकार, जातीचे नियमन आणि शासनाचा कायदा यांच्या परस्परसंबंधांचे प्रश्न प्रथमच उघडपणे चर्चिले गेले. धर्मांतरिताने केलेला त्याग आणि त्याच्या निर्णयामुळे इतरांना सोसावी लागलेली हानी या एकाच घटनेच्या दोन बाजू असल्याने या विषयाचा विचार दोन्ही अंगांनी करावा लागतो.

ख्रिस्ती विचारातील त्यागाची कल्पना : येशूच्या शिकवणीत अनुयायित्वाची किंमत स्पष्टपणे सांगितलेली आहे. शिष्याने स्वतःचा क्रूस उचलून मागे यावे, प्रसंगी आई-बाप, घर व शेतीवाडी सोडण्याची सिद्धता ठेवावी, असे शुभवर्तमानांत म्हटले आहे. क्रूस हे रोमन साम्राज्यात देहदंडाचे साधन असल्याने मूळ श्रोत्यांना या उपदेशातील धोका प्रत्यक्ष दिसत होता. स्तेफन हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा मानला जातो. पुढे ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती उपासनेला मोकळीक मिळाल्यानंतर हौतात्म्याचे प्रसंग कमी झाले आणि त्यागाचा आदर्श संन्यस्त जीवन, दारिद्र्यव्रत व सेवा यांच्या द्वारा पाळला जाऊ लागला. जेथे ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला तेथे ख्रिस्ती असणे ही बहुधा जन्मजात व सोयीची गोष्ट ठरली. महाराष्ट्रातील नवख्रिस्ती व्यक्तींच्या बाबतीत मात्र परिस्थिती प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजासारखी होती. त्यांना प्राणदंडाचे भय नव्हते. परंतु ज्या समाजात जन्म झाला त्या समाजाच्या दृष्टीने मृत होण्याची तयारी त्यांना ठेवावी लागे.

पार्श्वभूमी : कोकण किनाऱ्यावर वसई, साष्टी या भागांत व गोव्यात पोर्तुगीज अंमलाखाली सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती वस्ती होती. तेथे राजसत्ता नव्या धर्माच्या पाठीशी असल्याने छळ सोसावा लागला तो मुख्यतः धर्म न बदलणाऱ्यांना. नवख्रिस्तीदेखील त्यातून पूर्णपणे सुटले नाहीत. जुने आचार गुप्तपणे पाळल्याच्या संशयावरून गोव्यातील धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन; स्थापना १५६०, अखेर १८१२) त्यांना शिक्षा करीत असे. ब्रिटिश अंमलाखालील महाराष्ट्रातील स्थिती याहून वेगळी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्यास वाट मिळाली. त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत दाखल झाले. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी कोकणात आले व १८२९ मध्ये जॉन विल्सन यांनी मुंबईत कार्यास आरंभ केला. कंपनी सरकारचे अधिकृत धोरण धार्मिक बाबतीत तटस्थ राहण्याचे होते. मिशनऱ्यांनी शाळा, छापखाने व नियतकालिके या साधनांवर भर दिला. अहमदनगर येथे १८४२ मध्ये सुरू झालेले ज्ञानोदय हे त्यांपैकी प्रमुख नियतकालिक होय. इंग्रजी शिक्षणासाठी मिशनशाळांत येणाऱ्या उच्चवर्णीय व पारशी तरुणांपैकी काहींनी धर्मांतर केले, तेव्हा संघर्षाला तोंड फुटले.

बहिष्काराचे स्वरूप : हिंदू समाजात धर्म हा केवळ मतांचा प्रश्न नव्हता, तो अन्न, पाणी, विवाह व अंत्यसंस्कार यांच्याशी निगडित होता. रोटीव्यवहार व बेटीव्यवहार या दोन सूत्रांनी जातीचे ऐक्य टिकून असे. ख्रिस्ती माणसाच्या हातचे अन्न किंवा पाणी घेतल्याने मनुष्य जातीबाहेर पडे आणि त्याच्याशी व्यवहार ठेवणाऱ्या आप्तांवरही ग्रामण्याची आपत्ती ओढवे. त्यामुळे कुटुंबीयांना धर्मांतरिताविषयी माया असली, तरी तिला व्यवहारात वाव उरत नसे. मुलाला घरात घेतले, तर बहिणींचे विवाह अडत, भटजी घरी कार्याला येत नसत आणि मर्तिकाला माणसे मिळत नसत. धर्मशास्त्रात पतितासाठी जिवंतपणीच घटस्फोटाचा विधी सांगितला आहे. त्यात पतिताच्या नावाने पाण्याचा घट लवंडून आप्त त्याच्याशी असलेला संबंध तोडीत. मुंज, विवाह, श्राद्ध अशा प्रत्येक प्रसंगी त्याची अनुपस्थिती ही मृत्यूसारखीच कायमची मानली जाई.

ही सीमारेषा किती कडक होती, याची कल्पना पुण्यातील पंचहौद मिशन प्रकरणावरून येते. १८९० मध्ये या मिशनमधील एका व्याख्यानप्रसंगी उपस्थितांना चहा देण्यात आला. हजर असलेल्यांत महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक यांचा समावेश होता. ही नावे प्रसिद्ध होताच ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसह अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. येथे धर्मांतराचा प्रश्नच नव्हता. एक पेला चहा एवढेच निमित्त होते. सुधारकांनाही असाच बहिष्कार सोसावा लागे. १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केल्याबद्दल धोंडो केशव कर्वे यांना मुरूड या आपल्या गावात वाळीत टाकण्यात आले. तथापि सुधारकाला प्रायश्चित्ताचा किंवा काळाच्या ओघाचा मार्ग मोकळा असे; बाप्तिस्मा घेतलेल्याला तो जवळजवळ बंदच होता. या फरकामुळेच नवख्रिस्ती व्यक्तीच्या निर्णयाला अंतिमता प्राप्त होई.

न्यायालयीन वाद : १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात मोठा क्षोभ उसळला. आप्तांनी धनजीभाईंना परत मिळविण्यासाठी सुप्रीम कोर्टात दाद मागितली. स्वतःचे हित समजण्याइतके वय झाले आहे, या आधारावर न्यायालयाने त्यांना इच्छेप्रमाणे राहण्यास मोकळीक दिली. शाळेतील बहुसंख्य विद्यार्थी पालकांनी काढून घेतले. हे दोघेही पुढे दीक्षित धर्मोपदेशक झाले.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत (श्रीपाद) हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांच्या अर्जावरून न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. मात्र यामुळे प्रश्न सुटला नाही. मुलाने बाप्तिस्मा घेतला नसला, तरी मिशनऱ्यांबरोबर भोजन केले होते. त्यामुळे त्याला जातीत घ्यावे की नाही, असा वाद ब्राह्मणवर्गात निर्माण झाला. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, अशी भूमिका घेतली. सनातनी पक्षाने तीस कडवा विरोध केला व खुद्द जांभेकरांवरही बहिष्काराचे सावट आले. ख्रिस्ती मताचे लेखणीने खंडन करणाऱ्या विद्वानालाही एका मुलाच्या परतीसाठी स्वतःचे जातीतील स्थान पणाला लावावे लागले, ही या प्रकरणातील लक्षणीय बाब होय. थोरले बंधू नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत स्थापून महार व मांग समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांना तेथे वसविले.

या दोन निर्णयांतील भेद मुख्यतः वयाचा होता. मूल किती वर्षांचे झाले म्हणजे त्याची श्रद्धा त्याची स्वतःची मानावी, हा प्रश्न न्यायालयांपुढे पुढेही येत राहिला.

कायदे : हिंदू व्यवहारधर्मानुसार पतिताला वारसा मिळत नसे. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्म बदलल्यामुळे किंवा जातिबहिष्कृत झाल्यामुळे मालमत्तेचा व वारशाचा हक्क नष्ट होणार नाही, अशी तरतूद केली. या कायद्याविरुद्ध बंगाल व मद्रास येथून मोठ्या प्रमाणावर अर्ज करण्यात आले. पुत्र हा पिंडदानाचा अधिकारी म्हणून वारस ठरतो. तो अधिकार सोडणाऱ्याने संपत्तीवर हक्क सांगणे अन्यायाचे आहे, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. कायद्याने वारसा राखला. पण एकत्र कुटुंबात राहून त्याचा उपभोग घेणे बहिष्कृताला शक्य नव्हते व आई-वडिलांविरुद्ध फिर्याद करणे अनेकांना प्रशस्त वाटत नव्हते. यामुळे या कायद्याचा प्रत्यक्ष लाभ मर्यादित राहिला.

विवाहाचा प्रश्न अधिक बिकट होता. बालविवाहाच्या रूढीमुळे धर्मांतर करणारे बहुतेक तरुण विवाहित असत. पत्नी माहेरी राहिली, तर पती एकाकी होई. आणि पतीच्या हयातीत त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला दुसरा विवाह अशक्य असल्याने तिची अवस्था विधवेसारखी होई, मात्र वैधव्यालाही जी सामाजिक मान्यता होती तीही तिला लाभत नसे. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाविषयीच्या १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतराच्या कारणावरून जोडीदाराने सहा महिने सहवास नाकारल्यास धर्मांतरिताला न्यायालयात अर्ज करता येत असे. न्यायाधीशाने जोडीदाराची प्रत्यक्ष भेट घेऊन तिचा किंवा त्याचा नकार स्वेच्छेचा आहे याची खात्री करून घ्यावी, नंतर एक वर्ष वाट पाहावी व पुन्हा विचारणा करून मगच विवाह विसर्जित करावा, अशी पद्धत त्यात सांगितली होती. विसर्जनानंतर दोघांनाही पुनर्विवाहाची मोकळीक होती. रूढीने बांधलेल्या पत्नीला मात्र ही मोकळीक कागदावरच राही.

काही प्रमुख व्यक्ती : नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे (१८२५–९५) हे वाराणसीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करण्याच्या हेतूने त्यांनी मिशनऱ्यांशी वाद आरंभिला. त्या अभ्यासातूनच त्यांचे मतपरिवर्तन झाले व १८४८ मध्ये त्यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. पंडितवर्गातील प्रतिष्ठा तत्क्षणी संपली. पत्नीचे लवकरच निधन झाले आणि कन्या एलन लक्ष्मी हिचे संगोपन इंग्रज मिशनरी कुटुंबांत झाले. षड्दर्शनदर्पण हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांची पुढील वृत्ती संन्याशासारखी होती. श्रद्धेविषयीच्या शंका त्यांना आयुष्यभर छळीत राहिल्या. सर्वस्व सोडूनही मनाची निश्चिंती सहज लाभत नाही, याचे ते उदाहरण होत.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे बेळगावच्या कासार कुटुंबातील. मिशनशाळेत शिकत असताना त्यांचा कल ख्रिस्ती मताकडे झाला. परंतु आई-वडिलांना होणाऱ्या दुःखाच्या विचाराने त्यांनी निर्णय दीर्घकाळ लांबणीवर टाकला आणि अखेर १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. अरुणोदय या आत्मचरित्रात या आंतरिक कलहाचे तपशीलवार वर्णन आहे. बुद्धीला पटलेले सत्य आणि घरच्यांची माया यांच्यामधील ओढाताण मराठी गद्यात इतक्या प्रांजळपणे त्यापूर्वी क्वचितच व्यक्त झाली होती. यमुनापर्यटन (१८५७) या त्यांच्या कथाग्रंथात विधवांच्या हालअपेष्टांचे चित्रण आहे.

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांच्या त्यागाचे स्वरूप वेगळे होते. आई-वडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये बंधू श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. तुटण्याजोगी आप्तांची बंधने फारशी उरली नव्हती. त्यांच्यापाशी होते ते संस्कृत विद्वत्तेमुळे लाभलेले लोकमतातील अपूर्व स्थान आणि पुण्यात आर्य महिला समाजाच्या रूपाने आरंभिलेले कार्य. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हेच पणाला लागले. त्याच सुमारास त्यांच्या सहप्रवासी आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. आपणासही धर्मांतर करावे लागेल, या भयाने त्यांना ग्रासले होते, असे सांगितले जाते. रमाबाईंच्या इंग्लंडमधील वास्तव्यावर या घटनेची गडद छाया आहे.

हिंदुस्थानात परतल्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनामुळे रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळात राहण्याचे मान्य केले. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत व दार उघडे ठेवीत. स्वेच्छेने येऊन बसणाऱ्या मुलींना त्यांनी मज्जाव केला नाही. हे आश्वासनाशी सुसंगत आहे की नाही, यावर मोठे वादळ झाले. केसरीने कठोर टीका केली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या मते दार बंद करणे म्हणजे स्वतःची श्रद्धा लपविणे होते; सल्लागारांच्या मते अल्पवयीन व आश्रित मुलींच्या बाबतीत उघडे दार हेही एक आमंत्रणच होते. दोन्ही भूमिकांना आधार होता. परिणामी ज्या उच्चवर्णीय विधवांसाठी त्यांनी आयुष्य वाहिले होते त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अरुंद झाला. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणून केडगाव येथील मुक्तिसदनात आश्रय दिला आणि पुढील कार्य तेथेच केले. बायबलचे सुबोध मराठी भाषांतर हे त्यांचे अखेरचे काम. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला व पुढील वर्षी रमाबाई निवर्तल्या.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांना याची पूर्वसूचना नव्हती. त्यानंतर सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर होती. लक्ष्मीबाई पंढरपूर व इतरत्र आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. १८६६ च्या कायद्याचा मार्ग उपलब्ध असूनही टिळकांनी तो स्वीकारला नाही. पत्रव्यवहार सुरू ठेवून ते वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई मुलासह त्यांच्याकडे आल्या, तरी प्रथम आपले सोवळे व स्वयंपाक त्यांनी निराळा ठेवला. एकाच संसारात दोन चुली काही काळ पेटत होत्या. जातिभेद हा ईश्वरनिर्मित नसून मानवनिर्मित आहे, अशी त्यांची स्वतःची खात्री झाल्यावर त्यांनी हे निर्बंध सोडले व १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात त्यांनी हा सर्व काळ विनोदबुद्धीने, कोणाविषयीही कटुता न बाळगता चितारला आहे. टिळकांचा त्याग हा त्यांनी निवडलेला होता. लक्ष्मीबाईंवर तो प्रथम लादला गेला आणि नंतर त्यांनी तो विचारपूर्वक आपला केला. या दोहोंतील अंतर स्मृतिचित्रेमुळे मराठी वाचकाला कळले.

दलित समाजातील धर्मांतरित : उच्चवर्णीय धर्मांतरितांची चरित्रे लिहिली गेली, ग्रामीण भागांतील महार व मांग ख्रिस्ती कुटुंबांचा त्याग मात्र बव्हंशी अलिखित राहिला. संख्येने हेच अधिक होते. अहमदनगर जिल्ह्यात त्यांचे प्रमाण विशेष होते. गमावण्यासारखी सामाजिक प्रतिष्ठा त्यांच्यापाशी नव्हती, म्हणून त्यांचे धर्मांतर विनासायास झाले, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. महार हा गावगाड्यातील वतनदार होता. मेलेली जनावरे ओढणे, निरोप पोहोचविणे, सणावारी नेमून दिलेली कामे करणे यांच्या मोबदल्यात त्याला बलुते व जमिनीचा तुकडा मिळे. ख्रिस्ती झाल्यावर मूर्तिपूजेशी संबंधित सेवा नाकारणे व मृतमांस सोडणे क्रमप्राप्त होई आणि त्याबरोबर बलुतेही धोक्यात येई. गावाची नाराजी, भाऊबंदांचा दुरावा व उपासमार ही त्याची किंमत होती. दुष्काळात झालेल्या सामुदायिक धर्मांतरांबद्दल लोभाचा आरोप केला जातो. अन्नाच्या गरजेचा त्यात वाटा होता, हे नाकारता येत नाही. परंतु दुष्काळ सरल्यानंतरही गावाचा रोष सोसून जी कुटुंबे नव्या धर्मात टिकून राहिली, त्यांच्या वर्तनाचा उलगडा केवळ लोभाने होत नाही. चर्चमध्येही जातिभेद संपूर्णपणे नष्ट झाला नाही, ही गोष्ट त्यांना अधिक जाचक झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला नवे रूप आले. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित करण्यात आला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती धर्मीयांचा झाला नाही. त्यामुळे या समाजातील व्यक्तीला श्रद्धा प्रकट करणे व घटनात्मक सवलती यांपैकी एकाची निवड करावी लागते.

दुहेरी परकेपणा : बहिष्कारामुळे नवख्रिस्ती व्यक्तीला निवारा, अन्न व काम यांसाठी मिशनवर अवलंबून राहावे लागे. या परावलंबनातून दुसऱ्या प्रकारची किंमत उत्पन्न झाली. मिशनचे पगार, नियम व पाश्चात्त्य रीतिरिवाज स्वीकारावे लागत. पोशाख, नाव व भजनाची चालही परकी होई. हिंदू समाजात तो 'साहेबांचा माणूस' ठरे आणि साहेबांच्या समाजात 'नेटिव्ह' राही. स्वाभिमानी धर्मांतरितांनी याविरुद्ध झगडा दिला. इंग्लंडमध्ये रमाबाईंनी अँग्लिकन पंथाची सर्व मते विनाशर्त मान्य करण्यास नकार दिला; पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी घेतलेली हरकत त्यांना मान्य झाली नाही, आणि शाकाहाराचा आपला आचारही त्यांनी सोडला नाही. टिळकांनी अभंग, कीर्तन व भजन या मराठी भक्तिपरंपरेतील रूपांतून ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात प्रवेश होता. एकदा जात सोडलेल्या माणसाने उतारवयात मिशनचा आधारही सोडावा, हा त्यांचा दुसरा त्याग पहिल्याहून कमी महत्त्वाचा नव्हता.

मूल्यमापन : नवख्रिस्ती व्यक्तींच्या त्यागाकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले गेले आहे. मिशनरी वाङ्मयात तो निर्भेळ विजय म्हणून वर्णिला जातो व मागे राहिलेल्या आई-वडिलांचे आणि पत्नींचे दुःख अज्ञानाचे फळ मानले जाते. प्रतिपक्षाच्या लेखनात तो स्वधर्मद्रोह किंवा परकीयांच्या मोहाला बळी पडणे ठरतो. दोन्ही मते अपुरी आहेत. ज्यांना राजसत्तेकडून प्रत्यक्ष लाभ फारसा नव्हता व गमावण्यासारखे पुष्कळ होते, त्यांची निष्ठा खरी मानावी लागते. त्याचबरोबर त्यागाची किंमत एकट्याने भरता येत नाही, हेही दिसून येते. जातीच्या बंधनामुळे ती घरातील सर्वांना भरावी लागे, आणि त्यांतील बहुतेकांना कोणी विचारलेले नसे.

या अनुभवातून मराठीला मोलाचे आत्मचरित्रात्मक वाङ्मय मिळाले. व्यक्तीने आपल्या अंतःकरणाचा हिशेब लोकांपुढे मांडावा, ही प्रथा रूढ होण्यास त्याचे साहाय्य झाले. सामाजिक दृष्ट्या पाहता, माणसाला श्रद्धेची निवड करण्याचा अधिकार आहे काय, असल्यास तो स्त्रीला व मुलाला किती, आणि त्या निवडीनंतरही कुटुंबाने त्याला आपला मानावे काय, हे प्रश्न नवख्रिस्ती व्यक्तींनी आपल्या आयुष्याने उपस्थित केले. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिले आहे. उरलेल्यांची उत्तरे कायद्याच्या कक्षेत पूर्णपणे येत नाहीत. ती प्रत्येक घरातच द्यावी लागतात.